मिस्त्रीभाऊ, तुमच्या नकारांसाठी

मिस्त्रीभाऊ, रामराम.

मजुरीचा हिशेब झाला, आभार राहून गेले होते. ते चारचौघांत मांडतो आहोत, कारण आपल्या यवतमाळकडच्या काळ्या मातीत, घरच्याच वावरात लहानसं घर काढू पाहणारे पुष्कळ आहेत. त्यांना तुमच्या हातच्या कसबापेक्षा तुमची नकारघंटाच जास्त कामी येईल.

पहिला नकार दोरी लावण्याआधीचा. सातबारा सामाईक, तेव्हा सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती येईस्तोवर चुन्याची रेघ मारणार नाही म्हणालात. बहिणींच्याही सह्या मागितल्या. वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, हे 2005 च्या दुरुस्तीनं कायद्यात आलं. गावात अजून 'तिचं लग्न झालं' म्हटलं की विषय मिटतो. भिंती उभ्या राहिल्यावर वाद निघाला तर काय करायचं, जोतं उचलून न्यायचं?

आखणी बाहेरून 21 बाय 13 फूट, म्हणजे 273 चौरस फूट. (घरकुल योजनेत कमीत कमी 25 चौरस मीटर, म्हणजे 269 चौरस फूट धरतात. लहान म्हणून हिणवणाऱ्यांना हे सांगावं.) कोपरे तीन-चार-पाचच्या मापानं काटकोनात घेतलेत आणि वर दोन्ही कर्ण मोजलेत: 24 फूट 8 इंच 3 सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कर्णात इंचाचा फरक राहिला, तर तो शेवटी छपरावर निघतो. पत्रे तिरके बसतात.

आता खरी गोष्ट, पायाची. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगांत हात जातो. घराखालची माती सगळीकडे सारखी फुगली असती तर एवढं बिघडलं नसतं. पण कडेची माती लवकर भिजते आणि लवकर सुकते, मधली मागे राहते. मग खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर निघते, मे महिन्यात रुंदावते आणि श्रावणात मिटल्यासारखी दिसते. लोक ती सिमेंटनं बुजवतात, पुढच्या उन्हाळ्यात ती तिथंच पुन्हा हजर.

म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदायचं, हे तुमचं पहिलं कलम. साडेचार फुटांवर मुरूम लागला, त्यात आणखी अर्धा फूट शिरलात. अडीच फूट रुंद, पाच फूट खोल चर, तळाला सहा इंच काँक्रीट, वर काळ्या दगडाचं बांधकाम. दर्यापूर-मूर्तिजापूरकडच्या खारपाणपट्ट्यात ही युक्ती चालत नाही. तिथं माती फार खोल. तिथं तळाशी फुगवटा असलेले, निदान साडेतीन मीटर खोल काँक्रीटचे खांब घेतात आणि त्यांवरच्या बीमखाली तीन इंच मोकळी जागा सोडतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला उचलत नाही. पाणी खारं असेल तर काँक्रीटसाठी गोडं पाणी टँकरनं आणावं. खारं पाणी आतलं लोखंड खातं.

त्या चरातून जवळजवळ आठ ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) काळी माती निघाली. खोलीच्या आतला वरचा फूटभर थरही तुम्ही काढून टाकायला लावला, त्यामुळे दोन फूट जोत्याला धरून एकूण तीन फूट भराव लागणार होता, सैल, म्हणजे चोपण्याआधीच्या मापानं साडेआठ ब्रास. माती शेजारीच पडलेली, मापही जुळतंय! इथंच बहुतेक घरं बिघडतात. ट्रॅक्टरच्या फेऱ्या वाचतात म्हणून तीच माती जोत्यात जाते आणि दोन पावसाळ्यांत फरशी पोट काढते. तुम्ही एक घमेलंही आत जाऊ दिलं नाही. माती धुऱ्यावर (बांधावर) गेली, आत मुरूम आला. तोही एकदम ओतला नाही. सहा-सहा इंचांचा थर, पाणी, धुम्मस (चोपायचं जड अवजार), मग पुढचा थर. फरशीचं काँक्रीट भिंतीला न चिकटवता कडेनं फट ठेवलीत, ते का हे आता कळतं: एक हललं तरी दुसऱ्याला ओढत नाही.

जोत्यावर 9 बाय 12 इंचाचा बीम: 12 एमएमच्या चार सळ्या, 8 एमएमच्या रिंगा सहा-सहा इंचांवर, लोखंड सगळं मिळून सव्वाशे किलोच्या आसपास, सिमेंट 11 पोती. एक सिमेंट, दीड रेती, तीन गिट्टी. मजूर माल पातळ करायला पाणी ओतू पाहत होता, त्याच्या हातातली बादली काढून घेतलीत ते बरं झालं. एका पोत्याला 25 लिटर, त्यावर नाही. पातळ माल पसरतो छान, पण सुकल्यावर कमजोर.

विटा साडेपाच-सहा हजार. हौदातले बुडबुडे थांबेपर्यंत भिजवलेल्या, कारण कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते. तराई, म्हणजे बांधकामावर पाणी मारणं, दहा दिवस, बीमवर ओला बारदाना. एप्रिलच्या आपल्या उन्हात दुपारी एक पाळी चुकली की दिसत नाही, पण चुकलेली असते.

छपराला कवेलू (कौलं) हवे होते. तिथंही नकार, आणि कारण एकच शब्द: वानरं. मग 16 पत्रे, एका पाखेला, म्हणजे छपराच्या एका उताराला, आठ. पत्रा हलका, वावधनात (वादळात) उडतो. त्यावर दगड ठेवणं म्हणजे खाली झोपणाऱ्याच्या डोक्यावर दगड टांगणं. तुम्ही भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीटच्या पट्ट्यात 12 एमएमचे बोल्ट आधीच गाडून छपराचे पाइप त्यांना कसलेत. स्क्रू पन्हाळीत न मारता उंचवट्यावर, आणि रबर चेपून फाटेल इतके आवळलेले नाहीत. खाली फूटभर अंतर सोडून बांबूचे तट्टे, दोन्ही टोकांना जाळीची भोकं. तापलेली हवा वरच्यावर निघून जाते.

शेवटचं, घराभोवतीचा तीन फुटांचा उतरता पट्टा. तो खर्च सगळ्यांना फालतू वाटला होता. भिंतीलगत पाणी मुरू द्यायचं नाही, मोरीचं पाणी नळीनं लांब न्यायचं, निंबाचं रोप भिंतीजवळ लावायचं नाही: हे तिन्ही पाळतो आहोत. निंबासाठी आईशी भांडण झालं, रोप धुऱ्यावर गेलं.

तुमचं धुम्मस आणि उरलेले स्क्रू कोठ्यात ठेवले आहेत. पोळ्याच्या आधी येऊन न्या, जेवूनच जा.

तुमचे,
वावरातल्या घरचे सगळे