आई, तुझी गोळी चुकली नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

स्तनाचा कॅन्सर मणक्यात परत आला हे कळल्यावर परवा फोनवर, आई, तू एवढंच विचारलंस, "कोणती गोळी चुकली गं माझी?" आणि फोन बाबांच्या हातात दिलास. मला तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे. बाबा, दिवेलागणीनंतर तिला सावकाश वाचून दाखवा.

दिवाळीला आले होते तेव्हा चहाच्या डब्यातल्या तुझ्या रिकाम्या पट्ट्या मी मोजल्या होत्या. प्रत्येक पट्टीच्या मागे डॉटपेनने तारीख. सहा वर्षांत चार दिवस सुटलेले, तेही कापूस वेचणीच्या घाईत. मी दिवसभर औषधाच्या दुकानात उभी असते, इतक्या नेमाने गोळी घेणारं माणूस क्वचित दिसतं. चार दिवस सुटल्याने हे दुखणं परत येत नाही, तुझ्या गोळीतलं औषध, लेट्रोझोल, एका दिवसात अंगातून जातही नाही. आणि बाबा, तुम्ही म्हणालात तशा त्या बोगसही नव्हत्या. बिल आणि बॅच नंबर बघून मीच पाठवत होते.

मग झालं काय, ते सांगते. आईच्या गाठीला वाढायला इस्ट्रोजेन हे हार्मोन लागत होतं. पेशीत त्याला धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात. हार्मोन त्याला चिकटलं की पेशी वाढू लागते. पाळी गेल्यावर अंडाशयाचं काम थांबतं, पण अंगातल्या चरबीत अरोमाटेज नावाचं एन्झाइम हे हार्मोन थोडं थोडं बनवतच राहतं. २.५ मिलीग्रॅमची ती पिवळी गोळी त्या एन्झाइमलाच अडवते. तुझी बोटं सकाळी आखडायची, भाकर थापताना दुखायची, ती त्याच गोळीमुळे. सहा वर्षं तू ते सोसलंस.

बाबा, पुढचं तुम्हाला माझ्याहून लवकर समजेल. २०१७ चा हंगाम आठवा. बोंड वरून हिरवंगार, आणि तुम्ही नखाने फोडलं तर आत गुलाबी अळी, दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यात बसलेली. "बीटी आहे ना, मग अळी आली कुठून?" असं तुम्ही रात्रभर म्हणत होतात. त्या अळ्या काही बीटी कपाशीच्या झाडातच असलेलं अळीमारक विष पचवायला शिकल्या नव्हत्या. एवढ्या अळ्यांत एखादी मुळातच वेगळी असते, बीटीचं विष तिला लागत नाही. बाकीच्या मेल्या, ती जगली, आणि काही वर्षांत पऱ्हाटीत तिचीच पिलावळ राहिली.

आईच्या अंगात असंच झालं असावं. हार्मोन मिळेनासं झाल्यावर बहुतेक पेशी मेल्या, काही नुसत्या पडून राहिल्या. अशातच एखाद्या पेशीत रिसेप्टर बनवणाऱ्या ईएसआर१ या जनुकात बारीकसा बदल असतो किंवा नंतर होतो. मग रिसेप्टरला हार्मोनची गरजच उरत नाही. विहिरीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटण आत रुतून बसलं की हात काढला तरी मोटर चालूच राहते, तसं. पहिल्या गाठीत हा बदल क्वचितच सापडतो. अशा गोळ्या घेऊन झाल्यावर पसरलेल्या आजारात मात्र साधारण २० ते ४० टक्के बायकांत तो दिसतो. हे नीट लक्षात आलं तेच २०१३ च्या सुमारास.

पण एवढी एकच वाट नसते. काही पेशी हार्मोनला बाजूला ठेवून पीआयके३सीए नावाच्या जनुकातल्या बदलाच्या जोरावर वाढतात. काहींत रिसेप्टरच नाहीसा होतो, मग हार्मोनचं कुठलंच औषध त्यांना लागू पडत नाही. आई, "आता पुन्हा सुई कशाला" म्हणतेस ना, ती यासाठी. मणक्यात आलेली गाठ जुन्या गाठीसारखीच आहे की बदलली, हे सुईने तुकडा काढून तपासल्याशिवाय कळत नाही. ईएसआर१ मधला बदल तर रक्तातही शोधता येतो.

बोंडअळीच्या वेळी आपल्याकडून राहून गेलं होतं, ते खरं. साध्या अळ्याही टिकाव्यात म्हणून बियाण्यासोबत मिळणारी नॉन-बीटीची १२० ग्रॅमची पुडी बांधाकडेने लावलीच नाही, आणि वेचणीनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून फरदड घेतली. म्हणून तुम्ही आताही स्वतःकडेच बोट दाखवता आहात, बाबा. इथे तसं काहीही राहिलेलं नाही. गोळी घेतली नसती तर हे बहुधा कितीतरी आधी आलं असतं. या सहा वर्षांत आईने दादाचं लग्न पाहिलं, नातीला अंगाखांद्यावर खेळवलं.

आणखी एक. अळी शेजारच्या वावरातून येते, कॅन्सर कुणाचा कुणाला होत नाही. वहिनी सांगत होती, तू तुझं ताट-वाटी वेगळं ठेवतेस, नातीला तुझ्या ताटातला घास देत नाहीस. आई, असं करू नकोस गं. ती रोज तुझ्यापाशी येऊन बसते आणि तू तिला उठवतेस, हे ऐकून मला दुकानातच रडू आलं.

डॉक्टर बहुतेक फुलवेस्ट्रंट सुचवतील. ते रिसेप्टरला चिकटून त्यालाच मोडीत काढतं. इंजेक्शन दोन्ही कुल्ल्यांत एकेक, पहिल्या महिन्यात पंधरा-पंधरा दिवसांनी तीनदा, मग महिन्याला. औषध घट्ट असतं, दुखेल थोडं. सोबत पेशींची वाढ रोखणारी पाल्बोसिक्लिबची गोळी, २१ दिवस घ्यायची आणि ७ दिवस थांबायचं. तिने पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणून रक्त तपासत राहावं लागतं आणि ताप आला तर घरी थांबायचं नाही. ही गोळी पूर्वी फार महाग होती. २०२३ मध्ये पेटंट संपलं आणि इतर कंपन्यांची येऊ लागली, तेव्हापासून भाव बराच उतरला आहे. जनआरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते नागपूरला आरोग्यमित्राला मी स्वतः विचारीन. पैशासाठी तुरीचा सौदा आत्ताच करू नका.

यामुळे दुखणं मुळासकट जाईल, असं मी म्हणणार नाही. पण ते बरेच दिवस दबून राहू शकतं, आणि एक औषध थकलं तर पुढचं असतं.

बुधवारी रात्री मी वर्ध्याला उतरते, पहिल्या एसटीने घरी येते. बाबा, ऑपरेशनच्या वेळचा बायोप्सी रिपोर्ट लोखंडी पेटीत खालच्या पिशवीत आहे, तो काढून ठेवा. तपासलेल्या गाठीचा मेणात जपून ठेवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, तोही दवाखान्यातून मागून घ्यावा लागेल, त्याचा अर्ज मी लिहून आणते. आई, त्या दिवशी अंबाडीची भाजी कर. मी आणि छोटी, आम्ही दोघी तुझ्याच ताटात जेवू.

तुमची,
ताई