रोम कोलोसियमपाशी संपत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत रोमवरचा लेख वाचला. फोटो छानच होते पण यादी परत तीच, कोलोसियम, ट्रेव्ही फाउंटन, स्पॅनिश स्टेप्स, व्हॅटिकन, झालं रोम. टूरवाल्यांच्या पत्रकातही हेच असतं आणि आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या टूर कंपनीनेही हेच दाखवलं, तेसुद्धा बसमधून उतरा, फोटो काढा, चला बसा या हिशोबाने. ट्रेव्हीला तर आता इतकी झुंबड असते की डिसेंबर २०२४ मध्ये डागडुजी होऊन ते परत खुलं झालं तेव्हा एकावेळी फक्त ४०० लोक जवळ सोडायचे असं ठरवावं लागलं. तरी सगळे तिथंच जातात कारण दुसरं काही आहे हे कोणी सांगतच नाही, आणि ते सांगायचं काम पेपरचं आहे असं मला मनापासून वाटतं म्हणून हे पत्र.

नंतर घरचेच मिळून गेलो तेव्हा आम्ही टेस्टाच्चो आणि गार्बातेला या भागांत हिंडलो. कोलोसियमच्या दारातूनच मेट्रोची बी लाइन जाते, तिथून दुसरं स्टेशन पिरामिडे. बाहेर आलं की समोर खराखुरा पिरॅमिड, केस्टियस नावाच्या रोमन माणसाची कबर, दोन हजार वर्षांपूर्वीची. त्याला लागून जी दफनभूमी आहे तिथं कीट्स आणि शेली या इंग्रज कवींच्या कबरी आहेत, ग्राम्शी या इटलीतल्या डाव्या विचारवंताचीही आहे. एवढं सगळं स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर, आणि आम्ही गेलो तेव्हा तिथं फार कोणी नव्हतं.

पण खरी गंमत पुढच्या टेकडीत आहे. मॉन्टे टेस्टाच्चो नावाची ही जवळपास ३५ मीटर उंच टेकडी दिसायला साधीच, गवत वाढलेलं, झाडं आलेली, पण ती माती नाहीच, सगळी खापरं आहेत. प्राचीन रोमला ऑलिव्हचं तेल लागायचं ते बरंचसं आजच्या दक्षिण स्पेनमधून जहाजाने मोठमोठ्या मातीच्या रांजणांत यायचं, एकेका रांजणात साधारण ७० किलो तेल आणि नुसता रिकामा रांजणच ३० किलोच्या आसपास. तेल मुरलेला रांजण खवट होतो, परत वापरता येत नाही, मग नदीकाठच्या गोदामात तेल काढून घ्यायचं आणि रांजण फोडून खापरं इथं आणून रचायची, हो रचायचीच, नुसती फेकलेली नाहीत, आणि वास मारू नये म्हणून वर चुना टाकायचा. असं दोन-अडीचशे वर्षं चाललं. कित्येक तुकड्यांवर शाईने लिहिलेलं सापडलंय, तेल कोणी पाठवलं, वजन किती, तपासलं कोणी, म्हणजे अख्खा जमाखर्चच. एकोणिसाव्या शतकात हाइनरिश ड्रेसेल नावाच्या जर्मन अभ्यासकाने ते वाचून काढलं आणि रोमच्या तेलाच्या व्यापाराबद्दल आज जे कळतं त्यातलं पुष्कळसं या कचऱ्यातूनच कळतं. सम्राटांच्या कमानी कितीही भव्य असल्या तरी त्या शहराच्या घराघरांत रोज काय लागायचं ते मला तरी या ढिगापाशी जास्त कळलं. टेकडीच्या पायथ्याशी पोखरून तळघरं केलीयेत, आत गारवा राहतो म्हणून पूर्वी तिथं वाइन ठेवायचे, आता हॉटेलं आणि क्लब आहेत, काहींनी मागची भिंत काचेची ठेवलीये त्यातून खापरांचे थर दिसतात. वर चढायला मात्र आधी परवानगी काढावी लागते, ते लेखात नक्की लिहा, नाहीतर लोक गेटपासून परत येतील.

तिथून एक स्टेशन पुढे गार्बातेला. १९२० मध्ये इटलीच्या राजाच्या हस्ते पायाभरणी होऊन ही कामगारवस्ती सुरू झाली. चाकोरीतल्या सरळसोट बिल्डिंगा नाहीत, दोन-तीन मजली घरं, मधे सामायिक बागा, वळणाचे जिने, कमानी, आणि दोन घरांच्या मधल्या अंगणात कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. पुढे मुसोलिनीच्या काळात जुन्या रोमच्या मध्यभागात वस्त्या पाडल्या गेल्या तेव्हा घर गेलेल्या कितीतरी कुटुंबांना इथं आणून ठेवलं. आज आपण ज्या रुंद रस्त्यावर उभं राहून मागे कोलोसियम येईल असा सेल्फी काढतो तो १९३२ मध्ये खुला झाला आणि त्यासाठीही माणसांनी भरलेला मोठा भाग पाडला होता. ही गोष्ट कोलोसियमपाशी आम्हाला कोणीच सांगितली नाही, ती गार्बातेलात गेल्यावर कळली आणि मग तो रस्ता बघायची नजरच बदलली.

एक मात्र सांगते, ही अंगणं लोकांच्या घरची आहेत. मोठ्याने बोलत, कॅमेरा रोखत ग्रुपने घुसायची ती जागा नाही, तुम्ही लेख छापाल तर ही सूचना ठळक टाइपात टाका, नाहीतर आज मध्यभागात जी परिस्थिती आहे ती तिथंही यायची, आणि तसं झालं तर मला फार वाईट वाटेल.

जवळच मोन्तेमार्तिनी म्हणून म्युझियम आहे, १९१२ मध्ये सुरू झालेलं वीजकेंद्र, १९९७ पासून तिथं प्राचीन संगमरवरी पुतळे मांडलेत, मागे काळीभोर प्रचंड इंजिनं आणि पुढे पांढरीशुभ्र देवता. गर्दी बेताचीच असते, आरामात बघता येतं. आणि ए लाइनने जूलियो आग्रिकोला स्टेशनला उतरलं तर जुन्या जलवाहिन्यांचं पार्क, इसवी सन ५२ मध्ये पूर्ण झालेल्या क्लॉडियन जलवाहिनीच्या कमानी मोकळ्या माळावर लांबच लांब गेल्यात, तिकीट नाही, लोक तिथं जॉगिंग करतात, कुत्री फिरवतात.

कोलोसियम बघू नका असं माझं म्हणणं अजिबात नाही, पहिल्यांदा जाणाऱ्याने बघावंच. पण निदान एक दिवस या भागांना द्या, आणि तुमच्या पुरवणीत दर मोठ्या शहराच्या लेखाबरोबर अशा एकेका वस्तीवर अर्धं पान तरी असू द्या, जवळचं मेट्रो स्टेशन, आधी बुकिंग लागतं का, चालायला किती आहे एवढी माहिती टाकून. टूर कंपन्याही तुमची पुरवणी वाचतात, ग्राहकच विचारायला लागले तर त्यांना अर्धा दिवस मोकळा ठेवावाच लागेल.

आपली,
एक नियमित वाचक