लाटांच्या टाकीवरच्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार. मागच्या आठवड्यात माझी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा झाली. परीक्षक सगळ्यात जास्त वेळ ज्या आलेखापाशी थांबले, तो तुमच्यामुळे काढलेला आहे. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात तुमच्यासाठी एकच ओळ बसली, ती फार अपुरी वाटते. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

समुद्रात उभ्या असलेल्या खांबावर उंच, उभट लाट येते तेव्हा त्याच्यावर किती बल पडतं, याचं संगणकावर सिम्युलेशन मी करत होतो. तुमच्या टाकीतली, म्हणजे प्रयोगशाळेतल्या कृत्रिम लाटांच्या हौदातली, मोजमापं त्याच्याशी काही केल्या जुळेनात. एका प्रोबवर (पाण्याची उंची मोजणाऱ्या उपकरणावर) शिखर माझ्या उत्तरापेक्षा उंच, पुढच्या प्रोबवर बुटकं. तीन महिने मी मेश (गणिताची जाळी) बारीक करत होतो, टाइम स्टेप (दोन गणनांमधला वेळ) कमी करत होतो. तुम्ही माझे आलेख पाहिलेत आणि म्हणालात, "खांब काढ आधी. नुसतं पाणी बघू."

मग तुम्ही काचेवर दर अर्ध्या मीटरला खडूची रेघ मारलीत आणि मला लाटेबरोबर चालायला लावलंत. दोन-तीन फेऱ्यांनंतर मलाही दिसलं: मोठ्या लाटेच्या पाठीमागे एक बारीक लाट होती, आणि ती हळूहळू मागे पडत होती.

उभट लाटेचं शिखर टोकदार आणि तळ पसरट असतो, हे गणितज्ञ जॉर्ज स्टोक्सनं १८४७ सालीच मांडलं होतं. हा आकार येतो तो दुप्पट वारंवारतेच्या एका घटकामुळे. तो मूळ लाटेला बांधलेला असतो, तिच्याच वेगानं जातो. टाकीत लाटा उठवणारं पॅडल मात्र साधं मागेपुढे हललं, तर हा आकार नेमका जमत नाही. उरलेला फरक सुटी लाट होऊन निघतो; मागे पडणारी ती बारीक लाट हीच. आपल्या ६० सेंटीमीटर पाण्यात २ सेकंदांची लाट सेकंदाला सुमारे २.२ मीटर जाते, ही सुटी लाट जेमतेम १.५ मीटर. म्हणून दर पाचेक मीटरला शिखराची उंची वरखाली होत होती. मी तर सिम्युलेशनमध्ये कडेलाच स्वच्छ स्टोक्स लाट सोडत होतो. तुमच्या टाकीतलं पाणी माझ्या पाण्यापेक्षा वेगळंच होतं!

पॅडलच्या हालचालीच्या नोंदी तुम्ही जुन्या संगणकावरून शोधून दिल्यात. त्या नोंदींप्रमाणे मी सिम्युलेशनमधली भिंत हलवली, आणि ती बारीक लाट आपोआप उमटली. रात्री अकरा वाजता दोन्ही रेषा एकमेकींवर बसलेल्या पाहिल्या, तेव्हा मला रडू आलं.

याचं मोल किती, ते सांगतो. वादळी लाटांचा आवर्तकाल (दोन शिखरांमधला वेळ) १०-१५ सेकंद, तर समुद्रातल्या अशा कित्येक बांधकामांचा स्वतःच्या डोलण्याचा ३-५ सेकंद. मूळ लाटेनं ती फारशी डोलत नाहीत, पण बलातल्या दुप्पट-तिप्पट वारंवारतेच्या छोट्या घटकांनी घणघणू शकतात. मी तेच छोटे घटक मोजत होतो, आणि ती सुटी लाट नेमकी त्यांच्यातच मिसळत होती. १ जानेवारी १९९५ ला उत्तर समुद्रातल्या ड्रॉप्नर प्लॅटफॉर्मवर, आजूबाजूला १२ मीटरच्या लाटा असताना, एक २५.६ मीटरची नोंदली गेली. तशा लाटेपुढे उभ्या माणसांसाठी हे आकडे खरे हवेत.

आता नव्या मुलांना मी पहिल्या दिवशी रिकामी टाकी चालवायला लावतो. प्रबंधाची प्रत घेऊन दिवाळीनंतर येतो. तिसऱ्या प्रकरणात तुमच्या खडूच्या रेघांचा फोटो आहे.

तुमचा,
टाकीवरचा विद्यार्थी