मेजरकाका, तुम्ही आम्हाला सैल पळायला शिकवलंत

तीर्थस्वरूप मेजरकाका,
शिरसाष्टांग नमस्कार.

पोलीस भरतीच्या निवड यादीत नाव आल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "पळताना खांदे सैल होते ना?" आभार मानायचे तसेच राहिले. समोर येऊन मानले असते तर तुम्ही मानू दिले नसते, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. बीड, लातूर, धाराशिवच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या पोरापोरींनी ते वाचावं, त्यांच्या घरच्यांनी तर जरूर वाचावं.

आपल्याकडं कष्ट दिसावे लागतात. चेहरा पिळवटलेला दिसला, की लोक म्हणतात पोरगी जिवाचं रान करायली. दुष्काळ पाहिलेल्या मुलखात शांतपणे केलेल्या कामावर चटकन कुणाचा विश्वास बसत नाही. भरतीच्या तयारीतही तेच. रोज डांबरी रस्त्यावर, रोज सगळी ताकद लावून पळायचं. आम्ही सगळ्या तशाच पळत होतो. नडग्या ठणकायच्या, रात्री झोप यायची नाही आणि वेळ मात्र होती तिथंच. तुम्ही पाझर तलावाच्या भरावावर बसून बघायचात. एक दिवस मला थांबवून म्हणालात, "माय, तोंडानं पळायलीस का पायानं? दात कशाला खायलीस?"

त्यानंतर तुम्ही जे सुरू केलंत, त्याला गावात बरेच जण सराव मानायलाच तयार नव्हते. हळू पळायचं, इतकं हळू की बोलता आलं पाहिजे. तुम्ही सायकलवरून शेजारी यायचात आणि विचारायचात, "रात्री कालवण काय होतं?" उत्तर पूर्ण वाक्यात द्यायचं. "शेंगदाण्याची आमटी केली होती, भाकरी शिळी होती" एवढं एका दमात म्हणता आलं नाही, तर वेग कमी. कडक सराव आठवड्यातून मोजकाच, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा हळू. मुठीत पिंपळाचं वाळकं पान द्यायचात. पळून आल्यावर पान चुरगळलेलं निघालं, की समजायचं मूठ आवळली होती. मूठ आवळली की दंड आवळतो, मग खांदे, मग मान, शेवटी जबडा. हे तुम्ही एकदाच सांगितलंत. पुढचं काम पानानं केलं.

याची कारणं मी नंतर वाचली. पाय पुढं टाकताना एक स्नायू आखडतो, तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूचा सैल सुटावा लागतो. दोन्ही आवळलेले राहिले तर शरीर स्वतःशीच झुंजतं आणि दम फुकट जातो. सावकाश पळण्यानं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, पायांच्या स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. श्वास घेताना ठोके किंचित वाढतात आणि सोडताना उतरतात, म्हणून तुमचा "सोडायचा लांब" हा नियम. तुम्हाला ही माहिती पुस्तकातून मिळाली नव्हती. बर्फातल्या पोस्टिंगच्या गोष्टी सांगताना तुम्ही म्हणाला होतात, की 9000 फुटांच्या वर नेलेल्या जवानाला आधी 6 दिवस तिथल्या हवेत मुरू देतात, त्यातले पहिले 2 दिवस नुसता आराम. तिथं पहिल्या दिवशी जोर दाखवणारा पहिला आडवा होतो.

आणि तुम्ही माझ्या आईचा दाखला दिलात, तो मी जन्मभर विसरणार नाही. "तुझी माय ऊस तोडायला कारखान्याला जाती. तिचा कोयता बघितला का कधी? नवा माणूस रागानं घाव घालतो, दुपारी त्याचा हात उचलत नाही. ती दिवसभर तोडती, कारण मनगट सैल ठेवती." आईच्या कामात कसब आहे हे त्याआधी मला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही त्याला नुसते हाल म्हणत होते. हाल आहेतच, ते मी नाकारत नाही. पण त्या हालातही तिनं जे कमावलंय, ते तुम्ही मला दाखवलंत.

आपल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेची 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतली स्टीपलचेसची शर्यत तुम्ही मोबाइलवर लावायचात. 3000 मीटर, त्यात 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या. "सगळीकडंच जोर लावला तर उडीला काय उरंल?" तुमचा हा प्रश्न असायचा. 8 मिनिटं 11.20 सेकंद, रौप्यपदक, आणि सुवर्ण 0.05 सेकंदानं गेलं. त्यावर आम्ही हळहळलो की तुम्ही म्हणायचात, त्याच्या हातात होतं ते सगळं त्यानं दिलं, 0.05 कुणाच्याच हातात नसतं.

मैदानी चाचणीच्या आदल्या रात्री आम्ही बसस्थानकावर पथारी टाकली होती. डास, दिवे, अनाउन्समेंट. झोप येत नाही म्हणून शेजारची मुलगी रडत होती. तिला तुमचंच वाक्य सांगितलं, झोप नाही आली तरी डोळे मिटून पडून राहा, अंग तेवढं विसावतं. सकाळी 800 मीटर. 2 मिनिटं 50 सेकंदांच्या आत आलं की 20 पैकी 20. शिट्टी झाली आणि सगळ्या जणी सुसाट सुटल्या. मी मागं राहिले. पहिल्या फेरीत जबडा सैल, श्वास लांब, बाकी काही नाही. दुसऱ्या फेरीत एकेक मुलगी मागं पडत गेली. शेवटच्या शंभर मीटरला पूर्ण ताकद लावली, कारण ती शिल्लक होती. लेखी परीक्षेतही तसंच केलं. 100 गुण, 90 मिनिटं. गणित अडलं की पेन खाली ठेवून एक लांब उच्छ्वास सोडायचा आणि पुढच्या प्रश्नावर जायचं.

पण माझी निवड झाली म्हणून तुमची पद्धत खरी, असं मी कुणाला सांगणार नाही. आपल्यातल्या दोघी माझ्याइतक्याच शांत पळाल्या आणि यादीत आल्या नाहीत. जागा थोड्या, अर्ज लाखोंनी. त्या दोघी अजून पळतात, चांगल्या झोपतात, एकीनं नर्सिंगला प्रवेश घेतलाय. त्याच भरतीत मागं राहिलेली कितीतरी पोरं घराबाहेर तोंड दाखवत नाहीत. म्हणून आईवडिलांना हात जोडून विनंती आहे. मैदानावरून आलेल्या लेकराला दारातच गुण विचारू नका. आधी जेवायला वाढा.

काका, भरावावर आता नव्या पोरी येतात आणि त्यातल्या तिघीचौघी चपलेवर पळतात, असं आई सांगत होती. पहिला पगार झाला की बूट पाठवते. तुम्ही नको म्हणाल, पण हे तुमच्यासाठी नाही. त्यांच्या पायांची मापं घेऊन आईकडं देऊन ठेवा. सायकलचं मागचं चाकही बदलून घ्या, पैसे मी आईकडं दिले आहेत.

तुमची पोर,
पोलीस प्रशिक्षण केंद्रातून