धाकट्याला उभं राहू द्या

ती. आई-बाबांस सा. न.

धाकटा गावच्या निवडणुकीला उभा राहतो म्हणतोय, त्यावरून परवा बाबा फोनवर कडाडले, "मोबाइलवर बोटं फिरवणाऱ्यांतून कसले पुढारी निघणार?" फोनवर वाद घातला की आईचं बीपी चढतं, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही साने गुरुजींचा दाखला देता. पण पुढारी त्याच्या त्याच्या काळातून घडतो. गुरुजी १९२४ पासून अमळनेरला प्रताप हायस्कुलात शिकवत होते. १९३० चा मिठाचा सत्याग्रह आला नसता, तर कदाचित मास्तर म्हणूनच निवृत्त झाले असते. त्याऐवजी १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं उतरवून घेत होते. प्रतिभाताई पाटलांचा जन्म १९३४ चा. त्या कळत्या वयाच्या झाल्या तोवर इंग्रज गेले होते. कायदा मोडायचे दिवस संपून तो चालवायचे दिवस आले होते. १९६२ मध्ये, सत्तावीस वर्षांच्या असताना, त्या जळगावातून आमदार झाल्या.

आणि तुम्ही? बहात्तरच्या दुष्काळात ऐन सतरा-अठराचे. पाझर तलावाच्या कामावर खडी फोडली, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या. पुढे सरपंच झालात, तर सभामंडप असो की शाळेची भिंत, तुमचा पहिला सवाल ठरलेला: "पाणी कुठून आणशील?" लोक हसायचे. पण शेजारच्या गावांत टँकर फिरायचे तेव्हा आपल्या विहिरीला पाणी होतं, ते त्या हट्टामुळेच. (त्याच हट्टात गटारी मात्र राहिल्या त्या राहिल्याच. आईला विचारा.)

धाकट्याने काय पाहिलं? भाव वाढेल म्हणून ओसरीत रचून ठेवलेला कापूस, त्याने अंगाला सुटणारी खाज, सुरतेला निघून गेलेले दोस्त. त्याला पाण्याच्या आधी भाव दिसतो. सकाळी उठून मोबाइलवर तो बाजारभावच बघतो, बाबा.

तो चांगला निघेल याची हमी मी घेत नाही. तुमच्याच सोबत दुष्काळ भोगलेला एक जण पुढे मुकादम झाला आणि हजेरीपटावर खोटी नावं चढवू लागला, हे तुम्हीच सांगितलंय. धाकटा कुणावर जातो, ते खुर्चीत बसल्यावरच कळेल.

अर्जासाठी त्याला घरपट्टीची पावती लागेल. ती तुमच्या ट्रंकेत आहे आणि किल्ली जानव्याला. मागायला तो घाबरतोय. आपणहून देऊन टाका.

तुमची,
ताई