नातीचा कान आणि दोन भाषा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री,
कर्नाटक राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे म्हणून त्यात सीमाप्रश्न शोधू नये, ही विनंती. कन्नड मला बोलता येतं, लिहायला बसलो की हात अडखळतो. विषय नातीचा आहे, तो अडखळत लिहायचा नाही.

नात पाच वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी सरकारी योजनेतून तिला कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून बसवायचं यंत्र, बसलं. आपल्या श्रवण संजीवनीसारख्या योजना नसत्या, तर खानापूर तालुक्यातल्या आमच्यासारख्या घरानं जमीन विकूनही हे केलं असतं की नाही, शंकाच आहे. उपकार विसरलेलो नाही. तक्रार ऑपरेशनची नाहीच, त्याच्या पुढची आहे.

गावाला वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे पोर ऐकायला लागलं. तसं नसतं. कानाच्या आत बसवलेली तार विजेचे बारीक ठोके देते, त्या ठोक्यांचा अर्थ मेंदूला शिकवावा लागतो. त्यासाठी कितीतरी महिने थेरपी. कुठल्या सुराला किती करंट द्यायचा, ते ऑडिओलॉजिस्ट संगणकावर ठरवतात, ते मॅपिंगही पुन्हा पुन्हा. आम्हाला त्यासाठी ऑपरेशन झालं त्याच शहरात जावं लागतं. रात्रभर एसटी, दुसऱ्या दिवशी तासाभराचं काम, पुन्हा रात्रभर एसटी. मुलाचा दोन दिवसांचा रोज बुडतो तो वेगळाच.

तिथल्या थेरपीच्या बाई फार प्रेमळ. पण त्या शिकवणार 'नीरु', आणि घरी आम्ही म्हणणार 'पाणी'. त्या 'मने' म्हणणार, आम्ही 'घर'. त्या 'बा' म्हणून हात पुढे करायच्या, घरी तिची आई 'ये' म्हणून. बोलणारं पोर चार भाषा सहज उचलतं, आमच्या भागात तर दोन्ही भाषा गल्लीतच शिकतात. पण जिला आवाज म्हणजे काय हेच नव्यानं कळतंय, तिनं आधी कुठला धरायचा? तिचा पहिला स्पष्ट शब्द कोणता ठाऊक आहे? 'चेंडू'. तो दोन्हीकडे सारखाच आहे ना! दवाखान्यात ऐकला, घरीही तोच ऐकला, म्हणून पक्का बसला. त्या दिवशी आनंदानं रडलो आणि मागाहून रागही आला.

रोज सकाळी मी तिच्या मागे बसतो, तोंडावर कागद धरतो आणि सहा आवाज काढतो: आ, ई, ऊ, म, स, श. ऐकू आला की ती वाटीत एक मणी टाकते. यंत्र नीट चाललंय की नाही, ते घरच्या घरी असं कळतं. मागच्या आषाढात एका सकाळी एकही मणी पडला नाही. बॅटरी बदलली, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या डबीत रात्रभर ठेवून बघितलं. जांबोटीकडचा पाऊस आपण बघितला असेल तर दमट म्हणजे काय ते सांगायला नको. शेवटी कळलं, डोक्याला बाहेरून चिकटते त्या कॉइलची केबल आतून तुटलेली. नवी यायला एकोणीस दिवस गेले. तेवढ्यात पोर पुन्हा बोलायचं सोडून पदर ओढायला लागलं. केबलच ती, पण तिच्यापायी एवढं महागडं यंत्र डब्यात पडून.

आता मागणं. किती ऑपरेशनं झाली याचा आकडा खात्याकडे असणारच. पण वर्षानं, दोन वर्षांनी मूल ते यंत्र दिवसाचे किती तास लावतं, शाळेत मागच्या बाकावरून त्याला काय ऐकू येतं, घरच्यांना समाधान आहे का, हे आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. नेदरलँड्समध्ये इम्प्लांट बसवलेल्या मोठ्या माणसांसाठी साठ प्रश्नांची प्रश्नावली २००० सालीच केली गेली. तिच्यात आवाज कळण्याबरोबर स्वतःबद्दल काय वाटतं, चार माणसांत मिसळता येतं का, हेही विचारतात. मुलांसाठी तसं काही कन्नड आणि मराठीत करून घरोघरी विचारा. आमची उत्तरं तयार आहेत.

आणि मॅपिंग, सुट्या केबल आणि दोन्ही भाषा येणारी एक थेरपिस्ट बेळगावात मिळू द्या. राज्यघटनेच्या ३५० अ कलमात अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय सांगितली आहे. कायद्याच्या दृष्टीनं थेरपी त्यात बसते की नाही, ते वकील बघतील. आमच्या नातीची पहिली शाळा मात्र तीच आहे.

हिवाळी अधिवेशनाला आपण हलग्याच्या सुवर्ण विधानसौधला येता. तिथून खानापूर फार लांब नाही. एक सकाळ काढा, लवकर या. मणी आणि वाटी तयार ठेवतो. सहा आवाज आपण काढा, कागद मी धरतो.

आपला नम्र,
एक आज्जा
खानापूर तालुका, जि. बेळगाव