पाठ असलेल्या प्रार्थनेविषयी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

ख्रिस्ती घरांत रोज रात्री म्हटली जाणारी ठरावीक प्रार्थना ही निव्वळ घोकंपट्टी असून तिच्यातून कोणाला बळ मिळत असेल हे पटत नाही, असे एका वाचकाने आपल्या पत्रसदरात गेल्या आठवड्यात लिहिले आहे. ही टीका निराधार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, तिच्या अगोदरच त्याने ‘व्यर्थ बडबड’ करू नका असे बजावले आहे, आणि आम्हांपैकी अनेकजण तीच प्रार्थना जांभया देत उरकतो, हेही खरे.

तरीही घरातला एक अनुभव सांगितल्यावाचून राहवत नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या यजमानांना पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पेला समोर धरला तरी ‘पाणी’ हा शब्द तोंडून फुटेना. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. अशाच एका रात्री उशी सारखी करताना सवयीने मी ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असे पुटपुटले, आणि ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ हे शब्द अंथरुणातून आले. जड जिभेने, पण स्पष्ट.

मला तो चमत्कार वाटला. स्पीच थेरपिस्ट बाईंनी मात्र समजावले की मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन भाषा गेली, तरी आकडे, वारांची नावे, गाणी, प्रार्थना अशा वर्षानुवर्षे तोंडात बसलेल्या गोष्टी पुष्कळदा शाबूत राहतात. त्यावरून रुग्ण मनातले बोलू लागेल असे समजू नये. त्यांच्या या स्पष्टपणाबद्दल मी ऋणी आहे. (चमत्कारांच्या जाहिराती करणाऱ्या सभांपासून मी पूर्वीपासूनच चार हात लांब राहते.) पुढे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची, लहानपणापासून उपासनेत गायलेली पदेही यजमान चालीवर म्हणू लागले, ‘पाणी’ म्हणता येत नसतानाच. ज्या घरांत हरिपाठ रोज म्हटला जातो, त्यांना याचे फारसे नवल वाटू नये.

आता माझ्या बळाविषयी. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ ही ओळ मी चाळीस वर्षे म्हटली, पण तिच्यातला ‘आज’ मला त्या खाटेशेजारी ऐकू आला. ते कधी चालतील, पेन्शन किती दिवस पुरेल, माझे गुडघे किती साथ देतील, यांपैकी काहीच त्या ओळीत मागितलेले नाही. मागितली आहे ती आजची भाकर. तेवढेच मागायचे ठरवल्यावर पहाटे चारला उठणे जमू लागले. पुढची ओळ मात्र अजूनही जड जाते. आमच्या मराठी बायबलात ‘अपराध’ नव्हे, ‘ऋण’ असा शब्द आहे: जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे, तशी तूही आमची ऋणे सोड. आजारपणात पैशांची निकड असताना एका नातलगाने उसनी नेलेली रक्कम परत केली नाही, आणि कित्येक रात्री ती ओळ मी गिळून टाकली. घोकंपट्टीत ओळ गिळल्याचे कोणाला टोचत नाही. मला टोचत असे. रक्कम आलेली नाही, मात्र गेल्या नाताळात मी त्यांच्याकडे फराळाचा डबा पाठवला.

यजमानांना आज मोजके शब्द बोलता येतात. प्रार्थनेत ते ‘भाकर’ या शब्दापर्यंत येऊन थांबतात, माझ्याकडे पाहतात, आणि ऋणांची ओळ मला म्हणावी लागते.

आपली विश्वासू,
एक वाचक, अहिल्यानगर